चित्रकथेतील अग्निपुरुष आणि संगणकाची वाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



 केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीच्या आदेशाबरोबर बिऱ्हाड हलविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला परप्रांतात गणपतीची आरती, दिवाळी अंक आणि आपल्या भाषेतील चार शब्द ज्या एका छपराखाली मिळतात, ते छप्पर म्हणजे मराठी मंडळ. पन्नास वर्षे हे छप्पर ज्यांनी सांभाळले, त्यांना प्रथम माझे अभिवादन.

आजच्या विषयाचे नाव निमंत्रणपत्रिकेत वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. सेवानिवृत्तीकडे झुकलेल्या, लेखा विभागात जन्म काढलेल्या बी.ए. झालेल्या गृहस्थाने अंगातून ज्वाला काढणाऱ्या अमेरिकन चित्रकथा-नायकावर बोलावे, हे विचित्र खरेच. परंतु त्यास कारण घडले आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून मुलांसाठी जी पुस्तके घ्यावयाची, त्यांत चित्रकथा असाव्यात की नसाव्यात, यावर ग्रंथालय उपसमितीत मतभेद आहेत आणि निर्णय या महिनाअखेर व्हावयाचा आहे. त्याच सुमारास आपले एक सभासद माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा नववीत आहे. त्याला संगणकशास्त्र शिकावयाचे आहे, पण हातात सदैव चित्रकथा. ‘आधी गणित, मग ही थेरं,’ असे म्हणून वडिलांनी ती सारी पुस्तके कपाटात घालून कुलूप लावले होते. मुलगा मात्र मला एक प्रश्न विचारून गेला. ‘काका, सिनेमात तो अग्निपुरुष पेटतो, ती आग खरी नसते ना? मग ती दर वेळी वेगळी कशी हलते?’ मजजवळ उत्तर नव्हते. ते शोधता शोधता जे वाचले आणि जाणत्यांना विचारून जे समजले, ते आज आपणांसमोर ठेवीत आहे.

ज्या नायकाविषयी हा प्रश्न होता, त्याचे नाव ‘ह्यूमन टॉर्च’, म्हणजे मानवी मशाल. त्याचा पहिला अवतार १९३९ सालचा. न्यूयॉर्कच्या टाइमली या प्रकाशनसंस्थेने ‘मार्व्हल कॉमिक्स’ या नावाने जो पहिला अंक काढला, त्यात कार्ल बर्गोस या तरुण चित्रकाराने हा नायक रंगविला. आजच्या आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, तो हाडामांसाचा माणूस नव्हताच. हॉर्टन नावाच्या प्राध्यापकाने प्रयोगशाळेत घडविलेला तो कृत्रिम मनुष्य होता. मात्र घडणीत एक दोष राहिला होता. हवेचा स्पर्श झाला की तो पेट घेई. म्हणून त्याला हवाबंद काचपात्रात ठेवण्यात आले. हा प्रकार पाहून लोक घाबरले, त्याला नष्ट करण्याची मागणी झाली आणि अखेर त्यास काँक्रीटमध्ये बंदिस्त केले गेले. पण कोठेतरी फट राहिली, हवा आत शिरली आणि तो अधिकच भडकून बाहेर पडला. पुढे तो आपल्या ज्वालेला स्वतःच आवर घालण्यास शिकतो आणि तेव्हाच तो नायक होतो. बंदिस्त करून जे साधले नाही ते संयमाने साधले, एवढे या कथेचे सार आहे.

येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. विद्युत्-संगणकाची पहिली पिढी त्याच दशकात आकारास येत होती. १९४६ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठात ‘एनिअ‍ॅक’ हा संगणक जगापुढे आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. प्रत्येक नळीत तापलेली तार आणि भोवती हवा काढून घेतलेली काच. काचेला तडा जाऊन हवा आत शिरली की तार जळून जाई आणि त्या नळीचे काम संपे. हॉर्टनच्या काचपात्रातील माणसाची आणि या नळीची जात एकच, असे वाटून जाते. बर्गोसच्या मनात असे काही होते, असा माझा दावा नाही. परंतु ज्या अग्नीला काचेत कोंडून माणसाने मोजमाप करावयास लाविले, त्यातूनच संगणक उभा राहिला, हे खरे आहे.

आज मुलांना ठाऊक असलेला अग्निपुरुष मात्र दुसरा. १९६१ च्या नोव्हेंबरची तारीख असलेल्या ‘फँटास्टिक फोर’च्या पहिल्या अंकात स्टॅन ली व जॅक कर्बी या जोडीने त्याला जन्म दिला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये युरी गागारिन अंतराळात जाऊन आला होता आणि अमेरिका त्या स्पर्धेने अस्वस्थ होती. कथेतही चौघेजण अंतराळयानातून जातात, विश्वकिरणांच्या माऱ्यात सापडतात आणि प्रत्येकास निराळी शक्ती प्राप्त होते. त्यांतील सर्वांत धाकटा जॉनी स्टॉर्म हा शाळकरी वयाचा मुलगा. तो स्वतःला आज्ञा देतो तेव्हा पेटतो, आणि आज्ञा देतो तेव्हा विझतो. आपल्याकडील मुलास हे अगदीच परके वाटू नये. शेपटीला लावलेल्या आगीने लंका जाळून स्वतः न होरपळता ती आग समुद्रात विझविणारा मारुती आपल्या आजीने आपल्याला कधीच सांगून ठेवला आहे.

चित्रकथांची धास्ती घेणारे आपणच पहिले नव्हे. अमेरिकेत ही भीती फार मोठ्या प्रमाणावर पसरली होती. १९४८ साली वेस्ट व्हर्जिनियातील स्पेन्सर येथे आणि न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे शाळकरी मुलांकडून चित्रकथा गोळा करवून त्यांची होळी करण्यात आली. ज्यांच्या पानांवर आग रंगविली होती, ती पुस्तके खऱ्या आगीत गेली. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक लिहून बालगुन्हेगारीचा मोठा दोष चित्रकथांच्या माथी मारला. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने सुनावणी घेतली आणि प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. ती पुढे शिथिल होत होत २०११ पर्यंत टिकली. वर्थम हा दुष्ट मनुष्य नव्हता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरीब कृष्णवर्णीयांसाठी अत्यल्प शुल्कात उपचारकेंद्र चालविणारा तो सहृदय वैद्य होता आणि मुलांविषयीची त्याची चिंता खरी होती. तथापि त्याची कागदपत्रे संशोधकांना खुली झाल्यावर इलिनॉय विद्यापीठाच्या कॅरोल टिली यांनी ती तपासली आणि २०१२ साली दाखवून दिले की, त्याने आपल्या निष्कर्षास अनुकूल व्हावेत म्हणून मुलांच्या जबान्यांत फेरफार व काटछाट केली होती. हेतू चांगला असला तरी पुरावा चांगला असावाच लागतो, हे लेखापरीक्षणात आम्ही रोज शिकतो.

दुसरे उदाहरण अधिक गमतीचे आहे. १९७८ साली अमेरिकेत या चौघांची दूरचित्रवाणी मालिका निघाली, पण तीत जॉनी स्टॉर्म नव्हता. त्याच्या जागी ‘हर्बी’ नावाचा, विद्युत्-मेंदू असलेला एक लहानसा यंत्रमानव आणला होता. लगेच बोलवा उठली की, मुले अग्निपुरुषाचे अनुकरण करून स्वतःला पेटवून घेतील, या भयाने त्याला काढले. ही गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली गेली. खरे कारण एवढेच होते की, जॉनीवर स्वतंत्र चित्रपट काढण्यासाठी त्याचे हक्क दुसरीकडे गुंतलेले होते. अग्निपुरुष गेला आणि त्याच्या खुर्चीवर संगणक येऊन बसला, असा तो प्रसंग. २०२५ साली आलेल्या चित्रपटात मात्र जॉनी आणि हर्बी दोघेही एकत्र आहेत. माझ्या आजच्या भाषणाचे म्हणणेही तेच आहे. दोघांपैकी एकाला घालविण्याची गरज नाही. एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी वाट आहे, आणि त्या वाटेची दारे मला तीन दिसली.

पहिले दार नियमांचे. चित्रकथेतील नायकाची शक्ती अमर्याद नसते. तिला अटी असतात. जॉनीची ज्वाला पाण्याने विझते. प्राणवायू संपला की ती टिकत नाही. फार वेळ पेटून राहिले तर तो थकतो. म्हणून ही पुस्तके वाचणारी मुले तासन् तास वाद घालतात. पावसात तो पेटेल काय? हवाबंद खोलीत त्याचे काय होईल? मोठ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. वस्तुतः ती मुले ‘जर’, ‘तर’ आणि ‘अन्यथा’ यांची कसरत करीत असतात. आम्हा सरकारी नोकरांना हे शब्द अपरिचित नाहीत. प्रवासभत्त्याची नियमावली म्हणजे दुसरे काय असते? जर अधिकारी अमुक वेतनस्तराचा असेल आणि प्रवास अमुक अंतराहून अधिक असेल, तर तमुक वर्ग देय, अन्यथा नाही. कार्यालयात संगणक आले तेव्हा माझ्या कित्येक सहकाऱ्यांनी ही नियमावली कोष्टकात बसविली आणि ‘जर-तर’चे सूत्र लिहिण्यास ते आठवड्याभरात शिकले, कारण तर्क त्यांच्या अंगवळणी आधीच पडला होता. बी.ए.ला तर्कशास्त्र हा माझा एक विषय होता. ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या या तर्काला जॉर्ज बूल याने १८५४ साली बीजगणिताचे रूप दिले, आणि १९३७ साली क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात सिद्ध केले की, विजेचे साधे खटके योग्य रीतीने जोडले तर ते हे बीजगणित करू शकतात. आजच्या प्रत्येक संगणकाच्या पोटात तेच चालले आहे. पेट आणि विझ, एवढ्या दोनच आज्ञा, पण सेकंदाला अब्जावधी वेळा.

दुसरे दार रंगांचे. जुन्या चित्रकथेचे पान भिंगाखाली धरून पाहावे. ज्वाळेचा जो नारिंगी रंग आपल्याला सलग वाटतो, तो सलग नसतो. तो पिवळ्या पृष्ठावर पेरलेल्या लाल ठिपक्यांचा असतो. त्या काळी अमेरिकन चित्रकथा पिवळी, किरमिजी आणि निळी अशा तीन रंगीत शायांनी आणि जोडीला काळ्या शाईने छापत. प्रत्येक रंगीत शाई चार प्रमाणांत वापरता येई. मुळीच नाही, २५ टक्के, ५० टक्के किंवा पूर्ण. तीन शाया आणि प्रत्येकीची चार प्रमाणे, म्हणजे चार गुणिले चार गुणिले चार, एकूण ६४ रंग. रंगयोजना करणारा कलावंत चित्राच्या प्रत्येक भागावर अक्षर आणि आकडा असे सांकेतिक चिन्ह लिहून ठेवी, आणि छापखान्यातील माणूस ते वाचून ठिपके बसवी. म्हणजे अग्निपुरुषाची ज्वाला ही कागदावर येण्यापूर्वी आकड्यांत लिहिलेली असे. संगणकाच्या पडद्यावर याहून निराळे काय होते? तेथे ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश असतात आणि सामान्यतः प्रत्येकाच्या शून्यापासून २५५ पर्यंत २५६ पायऱ्या असतात. गुणाकार केला तर १,६७,७७,२१६ रंग होतात. मुलगा हा गुणाकार वहीत करून पाहील, कारण आता त्याला तो करावयाचा आहे. घातांक म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकातील उदाहरणाने जितके कळणार नाही, तितके या ज्वाळेने कळेल.

तिसरे दार त्या मुलाच्या प्रश्नाचे. आग खरी नसेल, तर ती हलते कशी? आगीला काठ नसतो आणि आकारही नसतो. घर काढता येते, चेंडू काढता येतो, पण ज्वाला क्षणोक्षणी बदलते. संगणकावर चित्रे काढणाऱ्यांपुढे ही मोठी अडचण होती. तिच्यावर एक उपाय विल्यम रीव्ह्ज यांनी शोधला. लुकासफिल्म या चित्रसंस्थेच्या संगणक विभागात ते काम करीत. १९८२ सालच्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील दुसऱ्या चित्रपटात एका निर्जीव ग्रहावर आगीची भिंत धावत जाते, असे दृश्य हवे होते. रीव्ह्ज यांनी आग ‘काढली’ नाही. त्यांनी तिचे असंख्य कण कल्पिले आणि १९८३ मध्ये ही रीत शोधनिबंधात मांडली. आपण तिला कण-प्रणाली म्हणू. प्रत्येक कणाला जन्मतः एक स्थान, एक वेग, एक रंग आणि एक आयुष्य दिलेले असते. चित्रपटाच्या प्रत्येक चित्रचौकटीसाठी संगणक तेच काम पुनःपुन्हा करतो. नवे कण जन्मास घालतो, ज्यांचे आयुष्य सरले ते विझवितो, उरलेल्यांना वेगानुसार पुढे सरकवितो आणि मग सर्वांना पडद्यावर मांडतो. प्रत्येक कणाचा वेग थोडा यादृच्छिक ठेवलेला असतो, म्हणजे मर्यादेत राहून फासे टाकल्यासारखा. म्हणून दोन ज्वाळा कधी एकसारख्या दिसत नाहीत. तर बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. ‘अंतर बरोबर वेग गुणिले वेळ’ हे जे सूत्र तू नववीत शिकतो आहेस, ते लाखो ठिणग्यांसाठी एकाच वेळी वापरले की आग हलू लागते. २००५ साली ‘फँटास्टिक फोर’ चित्रपट आला, तेव्हा जॉनीची ज्वाला पडद्यावर उभी राहिली तीही संगणकाच्या साह्याने.

आता आपण विचाराल, चित्रांच्या ओढीतून संगणकशास्त्रात गेलेला प्रत्यक्ष कोणी विद्यार्थी आहे काय? आहे, आणि त्याचे चरित्र सांगितले पाहिजे. एड कॅटमल यांचा जन्म १९४५ चा आणि बालपण अमेरिकेतील यूटा राज्यातले. त्यांची ओढ अग्निपुरुषाची नव्हती. ती होती डिस्नेच्या हलत्या चित्रांची. वह्यांच्या कडांवर चित्रे काढून ती भरभर उलटावीत, असा त्यांचा छंद होता. पुढे त्यांच्या ध्यानी आले की, आपला हात त्या धंद्याला पुरेसा नाही. येथे दुसरा कोणी निराश होता, किंवा चित्रांना बालिशपणा समजून सोडून देता. कॅटमल भौतिकशास्त्राकडे वळले आणि त्याबरोबर यूटा विद्यापीठात नव्यानेच सुरू झालेल्या संगणकशास्त्राकडे. १९६९ साली दोन्ही विषयांत पदवी घेतली. बोइंग विमान कंपनीत नोकरी लागली, पण मोठ्या कपातीत तीही गेली. ते पुन्हा विद्यापीठात परतले. १९७२ साली त्यांनी आपल्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा केला, त्यावर सुमारे ३५० लहान त्रिकोण व बहुकोन आखले, प्रत्येक कोपऱ्याचे स्थान मोजून संगणकाला दिले आणि पडद्यावर तो हात उघडझाप करू लागला. ज्या हाताला चित्र काढता येत नव्हते, तो हातच चित्र झाला. १९७४ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पुढे लुकासफिल्मच्या ज्या संगणक विभागात रीव्ह्ज होते, त्याचे प्रमुख कॅटमलच होते. १९८६ साली तोच विभाग पिक्सार नावाने स्वतंत्र झाला आणि १९९५ साली ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्ण संगणकावर घडविलेला पहिला दीर्घ चित्रपट त्यांनी दिला. २०१९ सालचे ट्यूरिंग पारितोषिक, जे संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाते, ते त्यांना पॅट हॅनराहन यांच्यासमवेत मिळाले.

यावरून चित्रकथा वाचल्याने मुलगा संगणकतज्ज्ञ होतो, असा निष्कर्ष मी काढीत नाही. तसे असते तर वेताळ आणि मांड्रेक वाचीत मोठी झालेली माझी सारी पिढी तज्ज्ञ झाली असती. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली, १९९० साली बंद पडली. मधल्या काळात ती मराठीत वाचणारे आम्ही बहुतेक सारे कारकून, शिक्षक, अभियंते अशा नेहमीच्या वाटांनी गेलो. ओढ ही ठिणगी खरी, पण ठिणगीने स्वयंपाक होत नाही. त्यासाठी चूल लागते, सरपण लागते आणि फुंकर घालणारा माणूस लागतो. कॅटमल यांना भूमिती, त्रिकोणमिती आणि भौतिकशास्त्र यांतून सुटका नव्हती. त्या मुलालाही नाही. वडिलांचा गणिताचा आग्रह शंभर टक्के योग्य आहे. माझे म्हणणे इतकेच की, गणिताला ज्या गोष्टीची गरज आहे, तीच त्यांनी कपाटात ठेवली.

आणखी एक गोष्ट आजच्या काळाची. आज शब्दांत सांगितले की क्षणार्धात चित्र काढून देणारे संगणक आले आहेत. आगीत उभा असलेला नायक हवा म्हटले की तो हजर होतो. अशा काळात ‘हे कसे झाले?’ हा प्रश्न विचारण्याची सवय मोडण्याचा संभव फार आहे. जो केवळ मागेल, तो ग्राहक राहील. जो विचारील, तो विद्यार्थी होईल. आपल्या देशात संगणकशास्त्र अशाच विचारणाऱ्यांनी उभे केले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ संगणक तयार झाला. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. तयार यंत्र विकत घेऊन स्वस्थ बसणे त्यांना अधिक सोपे होते.

म्हणून ग्रंथालय उपसमितीपुढे माझी नम्र सूचना अशी आहे. चित्रकथा घ्याव्यात. मराठी घ्याव्यात, आपल्या पुराणांवरील घ्याव्यात आणि या परदेशी नायकांच्याही घ्याव्यात. निवड मात्र डोळसपणे करावी. क्रौर्य विकणारी पुस्तके वगळण्याचा अधिकार उपसमितीला आहे आणि तो तिने बजावावा. त्याच कपाटात, निराळ्या खोलीत नव्हे, गणिताची, भौतिकशास्त्राची आणि संगणकाची सोपी पुस्तके ठेवावीत. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी एक तास असा ठेवावा की, एखाद्या मुलाने वा मुलीने एक चित्र निवडावे आणि ते कसे घडले, हे आपणा सर्वांना मराठीत समजावून सांगावे. या सभागृहात रेल्वेतील, दूरसंचार खात्यातील आणि संरक्षण उत्पादनातील अभियंते बसले आहेत, निवृत्त गणित-शिक्षिका बसल्या आहेत. मुलांच्या मदतीला यांहून चांगले कोण मिळणार? आपली मुले शाळेत दुसऱ्या भाषांत शिकतात आणि घरी मराठी फक्त जेवणाखाण्यापुरती उरते. ज्या दिवशी परप्रांतात वाढलेला एखादा मुलगा कण, वेग, आयुष्य आणि यादृच्छिक हे शब्द वापरून आपल्या आजीला पडद्यावरील आगीचे रहस्य मराठीत सांगेल, त्या दिवशी मंडळाच्या पन्नास वर्षांच्या खटाटोपाचे आणि या निधीचे सार्थक झाले, असे मी समजेन. संगणकाची गोडी आणि मातृभाषेची गोडी यांत वैर मानण्याचे मला कारण दिसत नाही.

त्या मुलाचे वडील आज येथे उपस्थित आहेत. त्यांची परवानगी घेऊनच मी ही हकीकत सांगितली. त्यांना माझी विनंती आहे की, परीक्षेपर्यंत रोज एक तास चित्रकथेचा आणि दोन तास गणिताचे, असा करार मुलाशी करावा आणि त्या दोन तासांपैकी अर्धा तास स्वतः शेजारी बसावे. आपल्याला गणित येत नसले तरी चालेल. ‘हे कसे काय, मला सांग बरे’ एवढे विचारता आले म्हणजे पुरे. मी तेवढेच करीत आलो आहे आणि या वयातही त्याने माझे काही बिघडलेले नाही.

 मंडळाची हीरक महोत्सवी स्मरणिका निघेल, तेव्हा तीत आजच्या बालमित्रांपैकी कोणाचा तरी लेख असावा, अशी सदिच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.